एंडोमेट्रिओसिस: ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘डाव्या अंडाशयात ५ सेंमीची चॉकलेट सिस्ट’, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात साचलेल्या घट्ट रक्ताची गाठ, असं छापून येतं. डॉक्टर म्हणतात, ‘दुर्बिणीने काढून टाकू, दोन दिवसांत घरी.’ आणि पुढच्याच आठवड्याची तारीख मिळते. वर्षानुवर्षं पाळीत तळमळलेल्या बाईला हे ऐकून सुटल्यासारखं वाटलं तर नवल नाही. कुणीतरी एकदाचं तिचं दुखणं खरं मानलेलं असतं.

तरीही या घाईला माझा विरोध आहे. मोजक्या परिस्थिती सोडल्या, तर या आजारात दोन-तीन महिने विचाराला घेतल्याने काही बिघडत नाही. उलट पहिलं ऑपरेशन चुकीच्या कारणासाठी, अपुऱ्या तपासणीवर किंवा अननुभवी हातून झालं, तर दुसरं ऑपरेशन जास्त अवघड होतं. आतले अवयव आणखी चिकटलेले असतात आणि अंडाशयातून गेलेली बीजं परत येत नाहीत. म्हणून ते दोन-तीन महिने कसे वापरायचे, कोणत्या क्रमाने काय तपासायचं आणि काय विचारायचं, ते इथे सांगते आहे. निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा तुमच्याकडे प्रश्न तयार असावेत, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली पायरी: खरंच घाई आहे का?

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, म्हणजे अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर. दर महिन्याच्या हार्मोन्सबरोबर तिथे दाह होतो, रक्त साचतं, अवयव एकमेकांना चिकटतात. हा आजार बहुधा सावकाश चालतो. मात्र पुढच्या गोष्टींपैकी काही असेल तर थांबायचं नाही.

मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी नळी गाठीने दाबली गेली असेल आणि मूत्रपिंडाला सूज आली असेल, तर ते मूत्रपिंड वाचवायचं असतं. ही गोष्ट फार फसवी आहे, कारण कित्येकदा काहीच दुखत नाही आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं. आतड्याची वाट अरुंद होऊन पोट फुगणं, उलट्या, शौच अडणं सुरू झालं असेल, तर तेही तातडीचं. अंडाशयाला पीळ पडला, सिस्ट फुटली किंवा तिच्यात जंतुसंसर्ग झाला, तर अचानक असह्य दुखतं, कधी ताप येतो. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि सिस्टमध्ये घन भाग, त्यात रक्तप्रवाह, झपाट्याने वाढ असं काही रिपोर्टमध्ये असेल, तर कॅन्सरची शंका आधी फेडून घ्यायची.

या आजारात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे. पण ती वाढ इतकी लहान आहे की केवळ त्या भीतीने ऑपरेशन करण्याचा सल्ला कोणतीही जाणती मार्गदर्शक तत्त्वं देत नाहीत. ‘ठेवलीत तर कॅन्सर होईल’ असं कुणी सांगितलं, तर रिपोर्टमधल्या कोणत्या ओळीवरून, ते विचारा.

यातलं काहीच नसेल, तर तुमच्या हातात वेळ आहे.

दुसरी पायरी: आपलं दुखणं लिहून काढा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. दोन किंवा तीन पाळ्यांपुरती वही ठेवा, मोबाइलमध्ये नोंदवलं तरी चालेल. रोज ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा, नेमकं कुठे दुखतं, किती पेनकिलर घेतल्या, त्या दिवशी कॉलेज, ऑफिस, शेत किंवा घरकाम सुटलं का, एवढं पुरे.

त्यापुढे चार गोष्टी वेगळ्या लिहा, कारण त्या दवाखान्यात सहसा सांगितल्या जात नाहीत. पाळीच्या दिवसांत शौचाला होताना दुखतं का, रक्त पडतं का? लघवी करताना दुखतं का? शरीरसंबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं का? पाळी नसतानाही दुखतं का, आणि महिन्यातले किती दिवस? पहिला आणि शेवटचे दोन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. संबंधाच्या वेळचं खोल दुखणं आणि शौचाच्या वेळची कळ बहुधा गर्भाशयामागच्या खोल गाठींकडे बोट दाखवते. त्या गाठी साध्या सोनोग्राफीत सुटून जाऊ शकतात. सासू किंवा आई शेजारी बसलेली असताना हे बोलता येत नसेल, तर वहीचं पान डॉक्टरांच्या हातात द्या.

पाळी नसतानाही रोजच दुखत असेल, तर दुखण्याचा काही भाग गाठींचा आणि काही भाग सततच्या वेदनेने ताठरलेल्या ओटीपोटाच्या स्नायूंचा आणि अतिसंवेदनशील झालेल्या नसांचा असतो. तो दुसरा भाग कापून काढता येत नाही. त्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि नसांच्या वेदनेवरची औषधं लागतात. हे आधी कळलं नाही, तर चांगलं ऑपरेशन होऊनही ‘काही फरक पडला नाही’ असं म्हणायची वेळ येते.

ही वही नंतरही लागते. औषधाने किंवा ऑपरेशनने किती फरक पडला, हे आठवणीवरून सांगता येत नाही.

तिसरी पायरी: आजाराचा नकाशा

पूर्वी एंडोमेट्रिओसिसचं निदान दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय पक्कं मानत नसत. युरोपातल्या प्रजनन-वैद्यक संस्थेने, एश्रेने, २०२२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ही अट सोडून दिली. आता लक्षणं, तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. ‘नेमकं काय आहे ते दुर्बिणीने बघू तरी’ एवढ्या कारणासाठी भूल घेणं आता बहुतेकींना गरजेचं नाही. तपासण्यांत काही दिसत नाही आणि औषधांनीही उतार नाही, अशा वेळी मात्र दुर्बीण योग्य ठरते. कारण पोटाच्या आतल्या आवरणावरचे या आजाराचे बारीक ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं म्हणता येत नाही.

सोनोग्राफी शक्यतो आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेली हवी, आणि ती हा आजार नेहमी बघणाऱ्याने केलेली हवी. आपल्याकडे इथेच गाडी अडते. ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न येतो आणि ‘नाही’ म्हटलं की पोटावरून सोनोग्राफी करून पाठवतात. अविवाहित मुलींमध्ये खोल गाठी सुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. आतून सोनोग्राफी नको असेल किंवा शक्य नसेल, तर गुदमार्गातून करता येते किंवा ओटीपोटाचा एमआरआय करता येतो. हा पर्याय स्वतःहून मागा. एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘खोल एंडोमेट्रिओसिससाठी’ असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे रेडिओलॉजिस्ट तशी तयारी करून, तेच शोधत बघतो.

रिपोर्टमध्ये सिस्टचा आकार एवढंच असेल तर तो अपुरा आहे. दोन्ही अंडाशय कुठे आहेत, एकमेकांना चिकटलेले आहेत का. गर्भाशय आणि मागचं आतडं एकमेकांवरून मोकळं सरकतं का. आतड्यात गाठ असेल तर किती लांब आणि किती खोल. मूत्रपिंडांना सूज आहे का. अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूतच शिरणं, आहे का, हे सगळं त्यात असायला हवं. यातला शेवटचा मुद्दा सोडू नका. पाळीतल्या दुखण्याचं आणि जास्त रक्तस्रावाचं मूळ गर्भाशयाच्या भिंतीतच असेल, तर बाहेरच्या गाठी काढून ते दुखणं जाणार नाही.

सीए-१२५ नावाची रक्तचाचणी सर्रास लिहून देतात. या आजारात ती वाढू शकते, आणि इतर अनेक कारणांनीही वाढते. निदानासाठी तिचा उपयोग नाही. आकडा वाढलेला बघून घाबरू नका.

आणखी एक. आजाराचे १ ते ४ टप्पे सांगतात. टप्पा आणि दुखणं यांचं गणित जुळत नाही. चौथ्या टप्प्यातल्या बाईला फारसं दुखत नसतं आणि पहिल्या टप्प्यातली जमिनीवर लोळत असते. ‘चौथी स्टेज’ या शब्दांनी घरात कॅन्सरसारखी घबराट पसरते. तसं काही नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

चौथी पायरी: ऑपरेशन कशासाठी?

सगळा निर्णय या प्रश्नावर फिरतो. दुखणं कमी व्हावं म्हणून, मूल व्हावं म्हणून, की केवळ रिपोर्टमध्ये सिस्ट दिसली म्हणून? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि कधी कधी उलट दिशेची येतात. एका कागदावर एकच वाक्य लिहा: ‘मला हे ऑपरेशन यासाठी हवंय की…’ ते पूर्ण करता आलं नाही, तर तारीख घेऊ नका.

*दुखण्यासाठी असेल तर* आधी औषधं नीट, पुरेसा काळ घेऊन बघितली आहेत का, हा प्रश्न. पेनकिलर दुखणं वाढल्यावर नव्हे, तर सुरू होतानाच घ्यायच्या असतात. हार्मोनच्या औषधांत गर्भनिरोधक गोळ्या सलग घेऊन पाळी थांबवणं, रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट, किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, असे पर्याय आहेत. यांना किमान तीन महिने, शक्य तर सहा महिने द्यावे लागतात. डायनोजेस्टने पहिले काही महिने अधूनमधून रक्ताचे डाग पडतात, काहींना डोकेदुखी होते, मन उदास राहतं, आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं. डाग पडायला लागले की ‘औषध लागू पडत नाही’ असं समजून बऱ्याच जणी ते पहिल्याच महिन्यात सोडतात. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं, पस्तिशीनंतर धूम्रपान चालू आहे, किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, अशांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत. पाळी पूर्ण बंद पाडणारी इंजेक्शनं जोरदार असतात. ती हाडं पातळ करतात, म्हणून दीर्घकाळ द्यायची तर जोडीला थोडं हार्मोन द्यावं लागतं.

औषधं सोसत नाहीत, किंवा घेऊनही आकडा खाली येत नाही, किंवा तुम्हाला रोजची गोळी नकोच आहे, तर ऑपरेशन हा रास्त पर्याय आहे. त्यासाठी अपराधी वाटायचं कारण नाही. ऑपरेशनने किती फायदा होतो? २००४ मध्ये ब्रिटनमधला एक छोटा पण नेटका अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३९ स्त्रिया होत्या. निम्म्यांच्या गाठी पहिल्याच वेळी पूर्ण काढल्या. उरलेल्यांमध्ये आधी नुसती दुर्बीण घालून पाहिलं आणि सहा महिन्यांनी गाठी काढल्या. कुणाचं काय झालं हे त्यांना मधल्या काळात माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के जणींना बरं वाटत होतं, नुसतं पाहिलेल्यांपैकी ३२ टक्के जणींना. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. गाठी काढल्याचा फायदा खरा आहे. आणि पाचातल्या एकीला चांगलं ऑपरेशन होऊनही आराम पडत नाही.

तिसरी गोष्ट परतण्याची. ऑपरेशननंतर काहीच औषध घेतलं नाही, तर दोन वर्षांत सुमारे पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के जणींना आजार पुन्हा दिसू लागतो. म्हणून ‘औषधं की ऑपरेशन’ अशी निवड मुळात फार थोड्यांच्या वाट्याला येते. ज्यांना लगेच मूल नको आहे, त्यांना ऑपरेशननंतरही हार्मोन घ्यावं लागण्याची शक्यता मोठी आहे. ही गोष्ट तारीख घेण्याआधी कळायला हवी, टाके काढताना नव्हे.

*मुलासाठी असेल तर* वरची हार्मोनची औषधं बाजूला ठेवायची. त्यांनी गर्भ राहत नाही, आणि ‘आधी सहा महिने गोळ्या घ्या, मग प्रयत्न करा’ याने शक्यताही वाढत नाही, नुसता वेळ जातो. आधी या चार गोष्टी बघा: तुमचं वय, अंडाशयातला बीजांचा साठा दाखवणारी एएमएच चाचणी, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. शेवटची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी आहे, तरी बाईचं पोट उघडायची तयारी होईपर्यंत ती झालेली नसते, हे पाहून मला फार राग येतो. वीर्यात मोठा दोष असेल, तर बाईच्या ऑपरेशनचा हिशेबच बदलतो.

आजार हलका असेल, तर ठिपके काढल्याने नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता काहीशी वाढते. कॅनडात १९९७ मध्ये ३४१ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात ठिपके काढलेल्यांपैकी ३०.७ टक्के आणि न काढलेल्यांपैकी १७.७ टक्के स्त्रियांचा गर्भ २० आठवड्यांपुढे गेला. वय तिशीच्या आत, नळ्या चांगल्या, साठा चांगला, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला असेल, तर हा मार्ग विचारात घ्यावा.

चॉकलेट सिस्टचं मात्र वेगळं आहे. इथे सर्वांत जास्त नुकसान होताना दिसतं, म्हणून थोडं थांबून सांगते. सिस्टचं कवच सोलून काढताना त्याला चिकटलेला निरोगी अंडाशयाचा थरही थोडा निघतो, आणि रक्तस्राव थांबवायला डाग दिले की आणखी थोडा जळतो. त्यामुळे एएमएच उतरतं. दोन्ही बाजूंच्या सिस्ट काढल्या तर जास्त उतरतं. इटलीतल्या एका अभ्यासात दोन्ही बाजूंच्या सिस्ट काढलेल्या १२६ स्त्रियांपैकी २.४ टक्के जणींच्या अंडाशयांनी ऑपरेशननंतर कामच थांबवलं. दुसऱ्या बाजूला, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करायचंच ठरलं असेल, तर आधी सिस्ट काढल्याने मूल होण्याची शक्यता वाढत नाही, असं पुराव्यांवरून दिसतं. म्हणून आयव्हीएफआधी सरसकट सिस्ट काढू नये. सिस्टमुळे बीजांपर्यंत सुई पोहोचत नाही, दुखणं सहन होत नाही किंवा सिस्ट शंकास्पद दिसते, तर गोष्ट वेगळी.

वय ३५ च्या पुढे, एएमएच आधीच कमी, दोन्ही बाजूंना सिस्ट किंवा एका बाजूला पूर्वी ऑपरेशन झालेलं, यातलं काहीही असेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा. आधी बीजं काढून ठेवायची की नाही, हे तिथे ठरवा. अविवाहित मुलींनीही हा विषय काढावा. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार २१ ते ५० वयातली स्त्री ही सेवा घेऊ शकते. बीजं गोठवण्याचा खर्च मोठा असतो आणि त्यातून मूल होईलच अशी खात्री नसते. पण हा पर्याय सांगितलाच गेला नाही, असं कुणाच्या बाबतीत होऊ नये.

*नुसती सिस्ट दिसली, बाकी काही नाही,* लगेच मूलही नको, अशा वेळी बहुधा लक्ष ठेवणं पुरतं. ठरावीक महिन्यांनी शक्यतो त्याच सोनोग्राफरकडून तपासणी करून आकार बघायचा, गरज वाटली तर हार्मोन सुरू करायचं. पाळी जायच्या वयाजवळ आला असाल तर थांबण्याकडे आणखी झुकतं माप द्या, फक्त सिस्ट निरुपद्रवी असल्याची खात्री करून घ्या.

पाचवी पायरी: नेमकं कोणतं ऑपरेशन?

‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. सिस्टमधलं घट्ट रक्त नुसतं काढून घेणं सोपं असतं, पण कवच आत राहिल्याने ती पुन्हा भरते. दुखण्यासाठी करायचं असेल तर कवच काढणं जास्त टिकतं, पण त्याची किंमत वर सांगितली. आवरणावरच्या ठिपक्यांना डाग देऊन जाळतात किंवा ते कापून काढतात. खोल गाठी असतील तर कापून काढण्याशिवाय इलाज नसतो, कारण वरून जाळलेल्या गाठीचा खालचा भाग राहून जातो.

आतड्यावर गाठ असेल तर ती वरून तासून काढता येते, तेवढाच गोल तुकडा काढता येतो, किंवा आतड्याचा भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात. जोड गळणं, आतडं आणि योनी यांच्यात छिद्र पडणं, काही काळ लघवी नीट न होणं, काही काळ पोटावर शौचाची पिशवी लावावी लागणं हे धोके तिथे खरे आहेत. पोटावर पिशवी लागू शकते हे ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर कळू नये. ती शक्यता किती, हे आधी विचारा.

आणि ‘गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ हे वाक्य महाराष्ट्रात फार सहज उच्चारलं जातं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अनावश्यक गर्भाशय काढण्याला आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेरचा आजार आहे. गर्भाशय काढून बाहेरच्या गाठी तशाच ठेवल्या, तर दुखणं राहू शकतं. जोडीला अंडाशयही काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. पस्तिशी-चाळिशीत ती आली की हाडं आणि हृदय दोन्हींची जबाबदारी वाढते, आणि नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घेण्याचा विचार करावा लागतो. अ‍ॅडेनोमायोसिस जोरात आहे, मुलं झाली आहेत किंवा नको आहेत, औषधं करून झाली आहेत, आणि त्याच वेळी बाहेरच्या गाठीही काढल्या जाणार आहेत, अशा वेळी गर्भाशय काढणं योग्य असू शकतं. तेव्हाही अंडाशय ठेवायचे की नाही, हा प्रश्न वेगळा विचारा आणि संमतीपत्रावर उत्तर वेगळं लिहून घ्या.

सहावी पायरी: कुणाच्या हातून?

प्रसूती उत्तम करणारे डॉक्टर या ऑपरेशनमध्येही पारंगत असतीलच असं नाही, आणि चांगले डॉक्टर स्वतःच पुढे पाठवतात. दुसरं मत घेतल्याने कुणाचा अपमान होत नाही. रिपोर्ट, सीडी आणि वही घेऊन दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा. खोल आजार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर आतड्याचे आणि मूत्रमार्गाचे सर्जन एकाच ठिकाणी असणं गरजेचं. मुंबईच्या केईएमसारख्या किंवा पुण्याच्या ससूनसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे विभाग एका छताखाली असतात. गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे.

भेटीत हे विचारा:

- एंडोमेट्रिओसिसची अशी ऑपरेशनं तुम्ही महिन्याला किती करता? आतड्यावरची किती?
- माझ्या रिपोर्टवरून तुम्ही काय काय काढणार आहात, आणि काय मुद्दाम ठेवणार आहात?
- आत अपेक्षेपेक्षा जास्त आजार सापडला तर काय कराल? (‘तिथेच थांबून, तुमच्याशी बोलून, योग्य टीमसह पुन्हा करू’ हे उत्तर मला विश्वासाचं वाटतं.)
- माझं एएमएच किती आहे आणि या ऑपरेशनने त्याला किती धक्का बसेल?
- ऑपरेशनचा व्हिडिओ आणि काढलेल्या गाठींचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मला मिळेल ना?
- हे ऑपरेशन केलंच नाही, तर पुढच्या वर्षभरात काय होईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे देणारा डॉक्टर निवडा. उत्तरादाखल नुसती भीती मिळाली, तर दुसऱ्या मताची वेळ आली आहे.

सातवी पायरी: घर आणि पैसा

‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल होऊ दे, आपोआप जाईल’ हे ऐकावं लागणार. गरोदरपणात पाळी नसल्याने काहींना आराम पडतो, पण त्याने आजार बरा होत नाही. दुखण्यावर उपचार म्हणून मुलीचं लग्न लावणं किंवा मूल होऊ देणं हा अन्याय आहे, मुलीवर आणि मुलावरही. स्थळ बघताना लपवायचं म्हणून घाईने ऑपरेशन उरकू नका.

विमा असेल तर आधी पॉलिसी वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये एंडोमेट्रिओसिस आणि गर्भाशयाच्या ऑपरेशनांना दोन वर्षांचा थांबा असतो, आणि वंध्यत्वाचे उपचार बहुधा वगळलेले असतात. म्हणून कागदावर कारण काय लिहिलं जाणार आहे, हे आधी समजून घ्या आणि पूर्वमंजुरी लेखी मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नेमकं नाव दाखवून विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा.

आठवी पायरी: हो म्हटल्यावर

संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घ्या, घरी वाचा. ‘गरज पडल्यास अंडाशय किंवा गर्भाशय काढण्याची परवानगी’ अशी सरसकट ओळ असेल आणि ती मान्य नसेल, तर सर्जनशी बोलून त्यात बदल करून घ्या. अविवाहित किंवा मूल नसलेल्या मुलींनी तर नक्कीच.

पोटात वायू भरल्यामुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो, घाबरायचं कारण नाही. साध्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत घरी, दोन ते चार आठवड्यांत हळूहळू कामावर. आतड्याचं काम झालं असेल तर जास्त. ताप, दिवसेंदिवस वाढणारं पोटदुखणं, उलट्या, वायू न सरणं, योनीतून लघवी किंवा शौचासारखा स्राव, यातलं काही झालं तर फोनवर वाट न बघता हॉस्पिटलला जा. आतड्याची गळती काही दिवसांनी, घरी आल्यावरही, दिसू शकते.

लगेच मूल हवं असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर प्रयत्न लगेच सुरू करा, आणि किती महिन्यांनी आयव्हीएफकडे वळायचं ते त्याच भेटीत ठरवून घ्या. मूल सध्या नको असेल, तर हार्मोनची गोळी किंवा गर्भाशयातलं साधन केव्हापासून, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सिस्ट काढल्यानंतर किमान १८ ते २४ महिने ते चालू ठेवण्याचा सल्ला आहे. आणि वही पुन्हा सुरू करा. पहिल्या दोन-तीन पाळ्या ऑपरेशनच्या दाहामुळे दुखू शकतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. सहाव्या महिन्यातले आकडे जुन्या पानाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. दुखणं परतलंच, तर लगेच दुसऱ्या ऑपरेशनकडे न जाता चौथ्या पायरीतला प्रश्न पुन्हा विचारा, कारण मधल्या काळात तुमचं उत्तर बदललेलं असू शकतं.